इंग्रजीतले जोडीचे शब्द उलटसुलट होतात, उपाय सुचवा

मिहानवाली: १०वीपर्यंत मराठी शाळेत शिकले. ३ महिन्यांपूर्वी नागपूरच्या मिहानमधल्या एका ऑफिसात लागले. काम जमते, पण मेल लिहिताना गोंधळ होऊन राहिला. परवा सहकाऱ्याला लिहिलं, ‘प्लीज बॉरो मी युवर चार्जर’. अफेक्ट-इफेक्टचंही तसंच. याद्या पाठ करते, चार दिवसांत विसरते. पुस्तक, क्लास, काहीही सुचवा. फी जास्त नको.

बर्डीकर: स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा, बोलायची सवय होते.

मास्तर_मानेवाडा: ताई, एवढ्यासाठी क्लासवर पैसे घालू नका. मी ३० वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. यादी टिकत नाही, कारण गोंधळाचं मूळ आपल्या मराठी शब्दात असतं. ‘उसने’ आपण घेतोही आणि देतोही. इंग्रजीत घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड. म्हणून ‘कॅन आय बॉरो युवर चार्जर?’ नाहीतर ‘कॅन यू लेंड मी युवर चार्जर?’

दुसरा शब्द ‘पासून’. जूनपासून आणि तीन महिन्यांपासून, दोन्हीकडे आपलं ‘पासून’च. तिकडे सुरुवात कधी झाली ते सांगायला सिन्स, किती काळ झाला ते सांगायला फॉर. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स जून’, पण ‘फॉर थ्री मंथ्स’. ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री मंथ्स’ हे वाक्य मी वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा खोडलं असेल.

‘सावली’ही तशीच. मे महिन्यात गाडी लावायला आपण शोधतो ती शेड, पायाशी पडते ती शॅडो.

वहीत डावीकडे मराठी शब्द लिहा, उजवीकडे त्याचे दोन इंग्रजी, आणि प्रत्येकाचं एक वाक्य तुमच्या ऑफिसातलं. रोज एकच शब्द घ्या.

धरमपेठ_२२: सरांचं पटलं. काही जोड्या मात्र कानानं सुटतात. ॲडव्हाइस ‘स’वर संपला तर सल्ला, ॲडव्हाइझ ‘झ’वर संपला तर सल्ला देणे. लूस म्हणजे ढिलं, लूझ म्हणजे हरवणे. स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ ढिल्याला. आणि ॲडव्हाइसचं अनेकवचन करू नका, ‘सम ॲडव्हाइस’ म्हणा.

मिहानवाली: खूप आभार! अफेक्ट-इफेक्ट या वहीत कसं बसवू?

मास्तर_मानेवाडा: ‘परिणाम करणे’ समोर अफेक्ट, नुसत्या ‘परिणाम’समोर इफेक्ट. ‘रेन अफेक्टेड द डिलिव्हरी’, ‘द इफेक्ट ऑफ रेन ऑन द डिलिव्हरी’. इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतो, ‘घडवून आणणे’ या अर्थानं, पण तुमच्या मेलमध्ये क्वचितच लागेल.

मिहानवाली: सर, आज ‘बघणे’ लिहिलं. सी, लुक, वॉच असे तीन निघाले. मॅचला वॉच ना?

मास्तर_मानेवाडा: टीव्हीवर बघता तेव्हा वॉचच. जामठ्याच्या स्टेडियमवर जाऊन बघितली तर सीसुद्धा चालतं.