५ इंची वूफरला हा ट्वीटर चालेल का?

प्रश्न: वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) ८ ओहम, संवेदनशीलता ८७ डेसिबल, एफएस (त्याची रेझोनन्स, म्हणजे तो आपसूक जास्त थरथरतो ती वारंवारता) ४५ हर्ट्झ, क्यूईएस (ते थरथरणं विद्युत बाजूने किती आवरलं जातं, त्याचा आकडा) ०.४२. ट्वीटर (वरच्या सुरांचा स्पीकर) १ इंची डोम (घुमटासारखा पडदा), ८ ओहम, ८८ डेसिबल, रेझोनन्स १५०० हर्ट्झ. क्रॉसओव्हर (जिथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो ती वारंवारता) २००० हर्ट्झला ठेवू का? पेटी बंद की पोर्टवाली (हवेसाठी भोक असलेली)?

उत्तर: २००० ला नको. क्रॉसओव्हर रेझोनन्सच्या निदान दुप्पट हवा, म्हणजे इथे ३०००. पण तिथे तरंगलांबी ११.४ सेंमी, वूफरचा कोनही (शंकूसारखा पडदा) जवळपास तेवढाच रुंद. आवाज समोरच एकवटतो, बाजूला बसलेल्याला पोकळ लागतो. उलट २००० ला कापलंत तर ट्वीटर चिरकेल, आवाज वाढवला की कॉइलही जाईल. रेझोनन्स १००० च्या आत असलेला ट्वीटर बघा.

उत्तर: पेटीचं सोपं आहे. एफएस भागिले क्यूईएस, म्हणजे ४५ भागिले ०.४२, म्हणजे १०७. १०० च्या आसपास आलं की पोर्ट, ५० च्या खाली बंद.

उत्तर: ८७ आणि ८८ म्हणजे जोडी जुळली, असं नाही हं. अरुंद बॅफलवर (पेटीच्या समोरच्या फळीवर) खालचे सूर मागेही पसरतात. त्याची भरपाई केली की वूफर ८३ च्या आसपास उतरतो. मग ट्वीटर ५ डेसिबल खाली आणा: ३.५ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, त्यानंतर १० ओहमचा ट्वीटरला पॅरलल. कोन धातूचा आहे का? असेल तर वरच्या टोकाची किणकिण मारायला नॉच फिल्टर (एक ठराविक वारंवारता दाबणारं सर्किट) लागेल.

प्रश्नकर्ता: कागदाचा आहे.

उत्तर: मग नॉच बहुधा लागणार नाही.