दार फरशीला घासतंय, बिजागरीचा स्क्रू घसलाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

खोलीचं दार आठवडाभर फरशीला घासतंय. कडीच्या बाजूने उचलून धरलं की नीट लागतं. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू चौकटीत नुसतेच फिरतात, आवळले जात नाहीत. तिसरा काढायला गेलो तर त्याची फुलीची खाचच घसली.

हत्यारं आजोबांच्या पेटीतली आहेत: हातोडी, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि गंजलेली पटाशी. सुतार बोलावता येईल, पण ही पेटी पुन्हा वापरात यावी असं फार वाटतं. फिरणाऱ्या स्क्रूंच्या जागी जाड स्क्रू लावू का? घसलेला कसा काढू? आणि पटाशी वाचेल का?

प्रतिसाद

जाड स्क्रू नको. त्याचं डोकं बिजागरीच्या भोकात पूर्ण बसत नाही, वर राहतं आणि दार लावताना समोरच्या पात्याला अडतं. आधी दाराखाली पाचर सारून वजन पेला. मग गुल काढलेल्या आगकाड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठासून भरा, वर आलेल्या कापा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी बारीक भोक पाडून तोच स्क्रू हाताने पिळा. घाई केलीत तर ओला गोंद काड्यांसकट बाहेर येईल.

घसलेल्या स्क्रूवर रुंद रबरबँड ठेवा, त्यावरून स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबा आणि सावकाश फिरवा. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक उजेडात बघा. कडा गोलावल्या असतील तर तो पुढचाही स्क्रू खाईल.

धागाकर्ता

अगदी बरोबर! टोकाच्या चारही कडा गुळगुळीत होऊन चकाकत होत्या. दुसरा स्क्रू ड्रायव्हर खाचेत न डगमगता बसला आणि रबरबँड लावून स्क्रू निघाला. काड्या भरून ठेवल्यात. आता पटाशीचं सांगा.

प्रतिसाद

फक्त पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मूठ बाहेर राहू द्या. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. जरा वेळ ओलं राहिलं तरी नवा गंज धरतो. मग शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. स्वयंपाकाचं तेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते.

धार लावताना आधी पाठ, म्हणजे पात्याची सपाट बाजू. ती धारेजवळ आरशासारखी सपाट झाल्याशिवाय उतार, म्हणजे धारेची तिरकी बाजू, कितीही घासलात तरी धार येत नाही. उताराचा कोन 25 ते 30 अंश ठेवा. आणि वापरताना दोन्ही हात कायम धारेच्या मागे हवेत, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

धागाकर्ता

गंज निघाला! पण पाठीवर अगदी धारेपाशी सुईच्या टोकाएवढे दोन खड्डे आहेत. चालतील का?

प्रतिसाद

तिथे धार तुटक येईल. खड्डे संपेपर्यंत उताराकडून घासत मागे या. मिलिमीटरभर पोलाद जाईल, पटाशीला पुरून उरेल इतकं शिल्लक असतं.