संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड पाच जणांकडे: सोय की बेफिकिरी?

उद्यमबागकर

संस्थांच्या पत्रव्यवहाराविषयी बोलताना निपाणीकर सरांनी काल लिहिले, "लहान संस्थेला एक जीमेल, एक पासवर्ड आणि पाच विश्वासू माणसे पुरेशी आहेत; परवानग्या आणि प्रतिनिधी ही मोठ्या कंपन्यांची थेरे आहेत." सरांविषयी आदर राखून मी याला ठाम विरोध नोंदवतो. बेळगाव परिसरातील वाचनालये, शिक्षण संस्था, सोसायट्या आणि फौंड्री यांच्या कार्यालयांत हेच मत मला वारंवार ऐकायला मिळते आणि त्यातून झालेला घोळ निस्तरण्याचे काम शेवटी माझ्यासारख्यांकडे येते.

पासवर्ड पाच जणांना दिला की कोणते पत्र कोणी पाठवले, कोणते कोणी पुसले, हे कधीच सिद्ध करता येत नाही. पाचांपैकी एक जण नोकरी सोडून गेला तर उरलेल्या चौघांसाठी पासवर्ड बदलावा लागतो, आणि ते काम पुढे ढकलले जाते. दुहेरी पडताळणीचा कोड एकाच्याच मोबाईलवर येतो. तो गृहस्थ सांबऱ्याहून विमानात बसला की इतरांचे काम अडते, म्हणून संस्था ती पडताळणीच बंद करून टाकतात. सकाळी खानापुरातून, दुपारी कोल्हापुरातून आणि संध्याकाळी गोव्यातून एकाच खात्यात प्रवेश होत असेल, तर गुगलला संशय येऊन खाते अडवले जाणेही स्वाभाविक आहे.

याला उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या कारखान्यांना सामायिक मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी आपापल्या खात्यातून वापरायची एकच पेटी, घेता येतो. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना (सशुल्क वर्गणी) लागत नाही. मात्र तो उघडणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो आणि मेलबॉक्सच्या मूळ खात्यातून थेट प्रवेश बंद ठेवायचा असतो. बहुतेक लोक येथे एका ठिकाणी अडखळतात. 'फुल ॲक्सेस' दिला म्हणजे पत्रे वाचता येतात, परंतु मेलबॉक्सच्या नावाने उत्तर पाठवण्यासाठी 'सेंड ॲज' ही परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर उत्तर परत येते आणि सर्व व्यवस्थाच निकामी आहे असा निष्कर्ष काढला जातो. परवानगी लागू होण्यास तासाभरापर्यंत वेळ लागू शकतो, एवढाही धीर अनेक जण धरत नाहीत. शिवाय पाठवलेल्या उत्तराची प्रत मूळ रचनेत पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीत जाते. ती सामायिक पेटीतही राहावी यासाठी प्रशासकाने वेगळी सेटिंग चालू करावी लागते. ती न केल्यामुळे एका कारखान्यातून एकाच ग्राहकाला कास्टिंगचे दोन निरनिराळे दर गेलेले मी पाहिले आहेत.

जीमेलवरही पासवर्ड न देता प्रतिनिधी नेमता येतात. वैयक्तिक खात्याला १० प्रतिनिधींची मर्यादा आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. प्रतिनिधी स्वतःच्या खात्यातून संस्थेची पत्रे वाचतो, उत्तर देतो, पुसूही शकतो, परंतु त्याला पासवर्ड बदलता येत नाही. तो गेला की त्याचे नाव काढायचे. बाकी कोणालाही त्रास होत नाही.

निपाणीकर

आपण ज्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिता, त्यांच्याकडे संगणक आहेत, वातानुकूलित खोली आहे आणि आपल्यासारखा माणूस बोलावण्याची ऐपत आहे. आमच्या मंडळात संगणक एकच आहे आणि तो कार्यालयात कुलूपबंद असतो. कार्यकारिणीतील बहुतेक सदस्य सत्तरीच्या पुढचे आहेत; ते जे काही पाहतात ते मोबाईलवर पाहतात.

आपला प्रतिनिधी नेमण्याचा मार्ग आम्ही चोखाळून पाहिला आहे. तो नेमण्याची सेटिंग संगणकावरच्या ब्राउझरमधून करावी लागते. नेमलेल्या सदस्याला निमंत्रणाची जी लिंक जाते, ती आठवड्याभरात स्वीकारली नाही तर बाद होते. आमच्या अध्यक्षांनी ती जाहिरात समजून उघडलीच नाही. ज्यांनी स्वीकारली, त्यांना स्वतःच्या मोबाईलच्या ॲपमध्ये संस्थेची पत्रे कोठेच सापडली नाहीत. अखेरीस सर्वांनी पुन्हा पासवर्डच मागून घेतला, आणि त्यानंतर काम सुरळीत चालले.

दुसरे असे की, वाचनालयाच्या कपाटाच्या किल्ल्या आम्ही वर्षानुवर्षे चौघांकडे ठेवतो आणि एकही पुस्तक गहाळ झालेले नाही. माणसांवर विश्वास नसेल तर संस्था चालवूच नये. परवानग्यांचा हा आग्रह धरणाऱ्यांचा चरितार्थ त्या लावून देण्यावर चालतो, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे.

शहापूरचा हिशेबनीस

निपाणीकर सर, आपले शेवटचे वाक्य अनावश्यक होते. उद्यमबागकर कोणत्या कामाचे पैसे घेतात, याने मुद्दा खरा किंवा खोटा ठरत नाही.

मी जीएसटीची कामे करतो, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मला रोज दिसते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, आपण जो पत्ता पत्रे स्वीकारण्यासाठी ठरवून दिला आहे त्यात पत्र शिरले, की ते मिळाले असे धरले जाते; अन्य काही ठरले नसेल तर ते कोणी उघडले की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. विवरणपत्रातील तफावतीबद्दलच्या नोटिशीला उत्तर देण्यास बहुधा ३० दिवस मिळतात. पाच विश्वासू माणसांपैकी प्रत्येकाला 'दुसऱ्याने पाहिले असेल' असे वाटले, तर ते दिवस कोणाचीही वाट पाहत नाहीत.

माझ्या एका अशिलाचे खाते त्यांच्या जुन्या सचिवांनी स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर उघडले होते. सचिव मुलाकडे पुण्याला गेले आणि त्यांनी तो क्रमांक बंद केला. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कोणालाही दिला जाऊ शकतो आणि येथे तसेच झाले. पासवर्ड चौघांकडे होता, तरीही गुगलने पडताळणी मागितली तेव्हा कोड एका अनोळखी माणसाकडे जाऊ लागला. पुढे जीएसटीमधील ईमेल आणि मोबाईल बदलून घेण्यासाठी कागदपत्रे घेऊन अधिकाऱ्यांकडे खेटे घालावे लागले. त्या काळात आलेल्या पत्रांचे काय झाले हे आजतागायत समजलेले नाही. विश्वासाला कोठेही तडा न जाता नुकसान झाले, हे निपाणीकर सरांनी लक्षात घ्यावे.

खानापूरची शिक्षिका

आपण सर्व जण पासवर्डवर बोलत आहात, परंतु आपल्या भागातील संस्थांचे खरे नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होते. आमच्या शाळेच्या पेटीत शिक्षण खात्याची, पंचायतीची आणि हेस्कॉम या वीज कंपनीची पत्रे कन्नडमध्ये येतात. कोणीतरी पत्र उघडतो, त्याला ते वाचता येत नाही, म्हणून तो ते तसेच बंद करतो. सामायिक पेटीत एकाने उघडलेले पत्र सर्वांसाठी 'वाचलेले' होते. त्याची ठळक ओळ फिकी पडते आणि ज्या सहकाऱ्याला कन्नड उत्तम येते, त्याला पेटीत नवीन काही आलेच नाही असे दिसते. अनुदानासंबंधीच्या एका पत्राची मुदत आमच्याकडे अशीच टळली. ते पत्र तिघांनी उघडले होते आणि एकानेही वाचले नव्हते. पासवर्ड वाटलेला असो की प्रतिनिधी नेमलेले असोत, या अडचणीचे काय करायचे ते प्रथम सांगावे.

टिळकवाडीकर

ताईंनी दुखण्यावर बोट ठेवले, परंतु दोष चुकीच्या ठिकाणी दिला. मराठी शाळेला केवळ कन्नडमध्ये पत्र पाठवणे हाच मूळ अन्याय आहे. ज्या तालुक्यांत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे, तेथे परिपत्रके त्यांच्या भाषेतही मिळावीत ही मागणी आपण किती वर्षे करत आहोत! राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. असे असताना आपण कन्नड वाचणारा माणूस शोधण्याच्या व्यवस्था उभारायच्या, म्हणजे अन्याय सोयीस्कर करून घेणे होय. अशी पत्रे मराठी प्रत मागून परत पाठवावीत, हीच माझी भूमिका आहे.

खानापूरची शिक्षिका

दादा, आपली मागणी न्याय्य आहे आणि त्यासाठीच्या निवेदनांवर मीही सह्या केलेल्या आहेत. तथापि अनुच्छेद ३५० आपण काय पाठवावे याविषयी आहे; आपल्याकडे काय यावे याविषयी नाही. मराठी प्रत मागायची असली, तरी पत्र आले आहे आणि त्याला अमुक तारखेची मुदत आहे, हे आधी कोणाला तरी कळायला हवे. मुदत टळली तर त्याची झळ आमच्या मुलांना बसते. पत्र पाठवणाऱ्याला नाही.

यात भर म्हणजे अनेक जोडपत्रे अजूनही नुडी या जुन्या कन्नड फाँटमध्ये टंकलेली असतात. तो फाँट संगणकावर नसेल तर कन्नड उत्तम जाणणाऱ्यालाही केवळ विचित्र चिन्हे दिसतात आणि शोध घेतला तर त्यातला एकही शब्द सापडत नाही.

टिळकवाडीकर

आपण 'मुदत, मुदत' म्हणत एकेक पाऊल मागे घ्यायला लावता आणि प्रत्येक पिढीने हेच ऐकले आहे. आमच्या वडिलांनी कार्यालयांच्या दारात उभे राहून मराठीत अर्ज दिले, ते स्वीकारले जाईपर्यंत हलले नाहीत. ईमेल आल्यापासून ती जिद्दच संपली, कारण पेटीला दार नसते आणि समोर माणूस नसतो. कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याने पत्र वाचावे याला माझी हरकत नाही, एवढे मान्य करतो. परंतु उत्तर मराठीतच जावे आणि त्याची प्रत पेटीत सर्वांना दिसेल अशी राहावी. कोणी परस्पर कन्नडमध्ये उत्तर देऊन मोकळा झाला तर संस्थेला ते कळले पाहिजे.

उद्यमबागकर

टिळकवाडीकरांनी मागितलेली गोष्ट वाटलेल्या पासवर्डने कधीच मिळणार नाही, कारण तेथे सर्वांचे नाव एकच असते. प्रतिनिधी नेमल्यावर मात्र जीमेलमध्ये दोन पर्याय निवडता येतात, आणि ते प्रतिनिधी नेमण्याच्याच सेटिंगखाली असतात. पत्रावर केवळ संस्थेचा पत्ता दिसावा की पाठवणाऱ्याचा पत्ताही दिसावा, हा एक. इतरांनी उघडलेले पत्र 'वाचलेले' करावे की 'न वाचलेले' तसेच ठेवावे, हा दुसरा. ताईंच्या शाळेने दुसऱ्यात 'न वाचलेले' निवडले, तर केवळ उघडल्याने पत्र नजरेआड होणार नाही.

त्याचा तोटाही सांगतो. मग काम झालेले पत्रही ठळकच राहते. त्यासाठी लेबले करावी लागतात. शासकीय पत्त्यांवरून येणाऱ्या पत्रांना फिल्टरने आपोआप 'कन्नड, वाचायचे' असे लेबल लावावे, आणि ते काढण्याचा अधिकार एकाच सहकाऱ्याकडे द्यावा. हा नियम संस्थेने ठरवायचा आणि पाळायचा आहे. जीमेल तो पाळून घेणार नाही. नेमणूक आणि 'काम पूर्ण' अशी खूण यंत्रणेतच हवी असेल, तर गुगल ग्रुप्समध्ये सामूहिक पेटीची सोय आहे. तेथे प्रत्येक पत्र एका सदस्याच्या नावे देता येते. नुडीच्या जोडपत्रांवर माझ्याकडे यापेक्षा चांगला उपाय नाही की पाठवणाऱ्याकडे पीडीएफ मागावी.

निपाणीकर

उद्यमबागकरांच्या चरितार्थाविषयीचे वाक्य मी मागे घेतो. मत मागे घेत नाही.

हिशेबनीसांच्या गोष्टीत मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते, कारण आमच्या मंडळाचे खातेही माजी कार्यवाहांच्या क्रमांकावर आहे आणि ते आता प्रकृतीमुळे कोणाचा फोन घेत नाहीत. तेव्हा आमच्या पुढील सभेत मी असे मांडणार आहे. मूळ खात्याचा क्रमांक बदलून संस्थेच्या नावाचे सिमकार्ड घ्यावे. पासवर्ड आणि मोबाईलवरच्या कोडऐवजी वापरायला गुगल देते ते १० राखीव कोड कागदावर छापून, पाकीट सीलबंद करून कोषाध्यक्षांच्या तिजोरीत ठेवावे. कार्यालयातील लिपिक आणि दोन तरुण सदस्य यांना प्रतिनिधी नेमावे; ते संगणकावर काम करू शकतात. ज्येष्ठ सदस्यांना मात्र मी लिंक आणि परवानग्यांच्या मागे धावायला लावणार नाही. त्यांच्यासाठी लिपिकाने महत्त्वाची पत्रे छापून फाईलला लावावीत.

शहापूरचा हिशेबनीस

सिमकार्ड घ्याल तर त्याचे रिचार्ज कोण करणार, तेही त्याच सभेत ठरवा, नाहीतर तो क्रमांकही बंद पडेल. क्रमांक बदलण्यापूर्वी जीएसटी, बँक आणि वीजबिल यांपैकी कोठे कोठे तो नोंदलेला आहे, याची यादी लिपिकाकडून करून घ्या. बँकेतील बदलाला कार्यकारिणीचा ठराव लागेल, म्हणून तो ठराव याच सभेच्या इतिवृत्तात घेणे सोयीचे पडेल.

निपाणीकर

ठरावाचा मसुदा आपण पाठवावा. मराठीत.