ताज्या टॅटूवर काय लावायचं? सोलापूरच्या उन्हाळ्यात मलम की लोशन?

प्रश्न (जुळे सोलापूर)
हातावर कोपरापासून मनगटापर्यंत काळा-लाल टॅटू काढून तीन दिवस झालेत. टॅटूवाल्यानं "मॉइश्चरायझर लावत राहा" एवढंच सांगितलं. मेडिकलमध्ये एक मलम देतायत, घरचे हळद आणि खोबरेल तेल म्हणतायत. रोज दुपारी स्कूटरवरून चिंचोळी एमआयडीसीला जावं लागतं. काय घेऊ, किती लावू? सनस्क्रीन आताच चालेल का?

औषधवाला
आधी त्या मलमाच्या ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. क्लोबेटासोल, बीटामिथासोन किंवा मोमेटासोन दिसलं तर परत करा. ही स्टिरॉइडं. खाज लगेच थांबते म्हणून काउंटरवर सर्रास दिली जातात, पण जखम भरायला उशीर होतो आणि संसर्ग झाला असेल तर लाली दबल्यामुळे तो वेळेवर कळत नाही. निओमायसिनचं मलमही उगाच नको, काहींना त्याची ॲलर्जी असते.

साधं घ्या: बिनवासाचं, ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं लोशन. यादीत परफ्यूम, मेंथॉल, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिड, युरिया, रेटिनॉल नको. डब्यावर 'हर्बल' लिहिलं असलं तरी यादी वाचाच, सुगंधी तेलं त्यातही असतात. हळद तर अजिबात नको: पूड निर्जंतुक नसते, खपलीत अडकते. कोरफडीचं ताजं पानही नको, सालीलगतचा पिवळा चीक चुरचुरतो. खोबरेल सालं निघून गेल्यावर चालेल.

गोंदणकर
क्रीमपेक्षा धुणं महत्त्वाचं. दिवसातून दोन-तीनदा, आणि घाम आल्यावर लगेच. आपल्याकडे नळाचं पाणी काही दिवसांआड येतं आणि पिंपात साठतं, म्हणून पहिला आठवडाभर उकळून गार केलेलं पाणी वापरा. बिनवासाचा सौम्य साबण, फक्त बोटांनी, घासणी नको. टॉवेलनं पुसू नका. सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी त्याची लूप खपलीत अडकते, खपली ओढली गेली की तिथला रंग जातो. टिश्यू पेपरनं टिपा आणि दहा मिनिटं उघडं ठेवा.

मग लोशन. तळहाताएवढ्या भागाला वाटाण्याएवढं पुरतं. हातभर टॅटूला तसे चार-पाच वाटाणे. लावल्यावर चमक दिसली तर जास्त झालं, टिश्यूनं टिपून घ्या. मार्चनंतर इथे पेट्रोलियम जेलीचा जाड थर मी कुणालाही सुचवणार नाही. खाली घाम कोंडतो, खपली ओली राहते आणि ओली खपलीच निघते.

सनस्क्रीन आता नाही. सगळी सालं निघून कातडी गुळगुळीत झाल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, एसपीएफ ३० ते ५०, झिंक ऑक्साइडवालं. तोवर गाडीवर सैल, धुतलेली सुती पूर्ण बाही. घट्ट आर्म स्लीव्ह नको, ती चिकटते. पोहणंही तोवर बंद.

प्रश्नकर्ता
मेडिकलच्या मलमात क्लोबेटासोलच निघालं, परत केलं. लोशन दिवसातून सहा-सात वेळा लावत होतो. आता बारीक फोड आलेत, खाजतायत.

गोंदणकर
फोड केसांच्या मुळांशी, सगळ्या टॅटूवर सारखे असतील तर ते जास्त लोशनमुळे असण्याची शक्यता जास्त. एक दिवस लोशन बंद, फक्त धुवा. नंतर दिवसातून दोनदाच. खाज आली तर नख लावू नका, स्वच्छ सुक्या कापडात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं शेजारच्या कातडीवर ठेवा.

औषधवाला
आणि लाल रेषांकडे वेगळं बघा. फक्त लाल शाईचाच भाग फुगला, खाजतोय तर ती शाईची ॲलर्जी असू शकते. ती काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होते आणि लोशन बदलून थांबत नाही. लाली टॅटूच्या कडेबाहेर पसरतेय, भाग गरम लागतोय, पू, ताप किंवा खांद्याकडे जाणारी लाल रेघ, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे, नाहीतर सिव्हिलला जा. जाण्याआधी काही लावू नका, लावलंच असेल तर ट्यूब सोबत न्या.