जमैकाहून इंग्लंडला आलेल्या सासऱ्यांविषयी कुलवृत्तांतात काय लिहावे?

प्रश्न : बर्मिंगहॅमकर

सप्रेम नमस्कार. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत आहे. जुन्या आवृत्तीत लेकींच्या नावापुढे सासरचे आडनाव आणि गाव एवढेच छापलेले असे. या वेळी मात्र संपादक मंडळाने लेकींच्या सासरविषयीही माहिती मागवली आहे आणि मला माझ्या सासऱ्यांवर लिहिण्यासाठी दोन पाने दिली आहेत. २०२४ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते बर्मिंगहॅममध्ये वारले. माझ्या मुलांचे ते एकुलते एक आजोबा होते, कारण माझे वडील मुले लहान असतानाच गेले.

सासरे जमैकाच्या क्लॅरेंडन परगण्यातले, म्हणजे उसाच्या मुलखातले. ऑगस्ट १९५१ मध्ये चार्ली नावाचे चक्रीवादळ बेटावर आदळले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, आणि घराचे छप्पर उडालेल्या त्या रात्रीविषयी ते अखेरपर्यंत बोलत असत. १९५७ मध्ये ते जहाजाने साउदॅम्प्टनला उतरले आणि तेथून बर्मिंगहॅमला आले. त्यानंतरची एकतीस वर्षे त्यांनी ओतकामाच्या कारखान्यात, भट्टीसमोर, पाळीने काम केले. त्या कामाविषयी मात्र ते फारसे बोलत नसत. घरी ते स्वतःची बटणे स्वतः लावत, पडदे शिवत आणि माझ्या मुलांच्या शाळेच्या पँटी आखूड करून देत.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती त्यांच्या मळ्यात. इथे नगरपालिका नागरिकांना अल्प भाड्याने जमिनीचे तुकडे देते, त्यांतला एक त्यांच्याकडे चाळीस वर्षे होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला तिथे नेऊन एक पालेभाजी दाखवली आणि तिचे नाव ‘कॅलालू’ असल्याचे सांगितले. ती आपली माठाची भाजी होती. त्यांच्या घरी ती कांदा, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरची घालून करत, मी लसणाच्या फोडणीवर केली, आणि त्या दिवसापासून त्यांनी जुडीचे दोन भाग करून त्यांतला एक माझ्यासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. माझे वडील लग्नाला पुण्याहून आले होते तेव्हा दोघांना एकमेकांचे इंग्रजी नीट कळत नव्हते, पण क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई हे नाव निघाले आणि दोघेही खुर्च्या ओढून बसले. फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर भारताचे पाच गडी पंचाहत्तर धावांत बाद झाले असताना सरदेसाईंनी सोलकरांना साथीला घेऊन डाव सावरला आणि २१२ धावा केल्या. पहिला दिवस पावसाने वाया जाऊन सामना चार दिवसांचा झाल्यामुळे फॉलोऑनसाठी कमी आघाडी पुरली, आणि कर्णधार वाडेकरांना तो वेस्ट इंडीजला देता आला. तो सामना सासऱ्यांच्या धाकट्या भावाने मैदानात बसून पाहिला होता आणि त्यावर बर्मिंगहॅमला चार पानांचे पत्र लिहिले होते. ते पत्र सासऱ्यांना जवळजवळ पाठ होते.

अडचण अशी आहे की मी लिहायला बसते आणि मजकूर त्यांच्यावरून घसरून त्यांच्या संपूर्ण पिढीवर जातो. वेस्ट इंडीजमधून माणसे घेऊन आलेले ‘एम्पायर विंडरश’ जहाज, रंगभेद, खोली नाकारणाऱ्या पाट्या, २०१८ चे प्रकरण हे सारे खरे आहे, परंतु ते लिहून झाल्यावर माझे सासरे त्यात कुठेच दिसत नाहीत. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. माझी थोरली नणंद १९५६ मध्ये जमैकात जन्मली आणि आईवडील इंग्लंडला आल्यावर आजीपाशी राहिली. तिला १९६६ मध्ये, दहा वर्षांची झाल्यावर, इकडे आणले. तोवर माझ्या यजमानांसह तीन भावंडे इथे जन्मली होती. या दहा वर्षांविषयी घरात कोणी बोलत नाही. ते लिहावे की वगळावे? आणि सासऱ्यांना मराठीत ‘स्थलांतरित’ म्हणावे का? हा शब्द मला बरोबर वाटत नाही, पण दुसरा सुचत नाही.

उत्तर १ : निवृत्त परिचारिका

ताई, मी मिरजेला परिचर्या शिकून १९७१ मध्ये इंग्लंडला आले. माझ्या पहिल्या वॉर्डात रात्रपाळीच्या निम्म्याहून अधिक परिचारिका जमैका आणि बार्बाडोसच्या होत्या, त्यामुळे ही माणसे मी जवळून पाहिली आहेत. माझे सांगणे असे आहे की लेखाची सुरुवात जहाजापासून करू नका, घरापासून करा. ‘एम्पायर विंडरश’ टिलबरीला लागले ते जून १९४८ मध्ये, तुमच्या सासऱ्यांच्या नऊ वर्षे आधी. त्यांच्या दोन पानांत त्याला एक वाक्य पुरे आहे.

घर कसे घेतले, हे मात्र अवश्य विचारा. त्या काळी कर्ज देणाऱ्या संस्था काळ्या माणसाला सहसा उभे करत नसत. म्हणून जमैकन लोक ‘पार्डनर’ लावत, आणि पार्डनर म्हणजे हुबेहूब आपली भिशी. विश्वासातली वीस-पंचवीस माणसे दर आठवड्याला ठरलेली रक्कम एकीकडे जमा करत, ज्याच्याकडे पैसे असत त्याला ‘बँकर’ म्हणत आणि पाळीने एकेकाला मिळणाऱ्या सगळ्या रकमेला ‘हँड’ म्हणत. लिखापढी जवळजवळ नसे. घराची पहिली रक्कम, गावाकडच्या मुलाच्या प्रवासाचे तिकीट, बाईचे शिवणयंत्र हे सारे त्या हँडमधून येई. आमच्या वॉर्डातली बँकर एक थोराड जमैकन बाई होती. तिच्या पार्डनरमध्ये मीही होते आणि माझ्या हँडमधून मी आईला पहिल्यांदा विमानाने इकडे आणले. ती बाई एक म्हण नेहमी म्हणायची, ‘वन वन कोको फुल बास्केट’. कोको म्हणजे अळकुडीसारखा कंद. एकेक करून टोपली भरते. आपले थेंबे थेंबे तळे साचे. तुमच्या सासऱ्यांचा बँकर कोण होता हे घरात कोणाला तरी नक्की ठाऊक असेल.

शेवटच्या दिवसांविषयीही सविस्तर लिहा, कारण आपल्याकडच्या वाचकाला ते लगेच समजेल. त्यांच्याकडे ‘नाइन नाइट’ असते, म्हणजे नवव्या रात्री माणसे जमतात, तळलेला मासा, हार्ड डो ब्रेड आणि पांढरी रम असते, डॉमिनोचे डाव पडतात, भजने होतात, आणि अनेक घरांत गेलेल्याच्या नावाचे ताट वेगळे काढून ठेवतात. ते ताट पाहून मला आमच्या घरचे पितरांचे पान आठवले होते. दफनाच्या वेळी कबर बुजवण्याचे काम स्मशानभूमीच्या नोकरांवर सोडत नाहीत. मुलगे, पुतणे, नातू कोट काढून, आळीपाळीने फावडे घेऊन माती ओढतात आणि शेवटचे ढेकूळ पडेपर्यंत बायका कडेला उभ्या राहून गात असतात. तुमच्या मुलांनी फावडे हाती घेतले असेल तर ते लिहा.

नणंदेच्या दहा वर्षांविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे. ती जिवंत आहे आणि दुःख तिचे आहे. छापील पुस्तकात ते येऊ नये.

उत्तर २ : दप्तरवाचक

मी हौसेने वंशावळींचे काम करतो, त्यामुळे आधी कागदांविषयी सांगतो. सासरे १९५७ मध्ये जहाजाने आले, ही तुमच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे. ब्रिटनच्या बंदरांत उतरणाऱ्या प्रवाशांच्या १९६० पर्यंतच्या याद्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत आणि वंशावळींच्या संकेतस्थळांवर त्या पैसे भरून पाहता येतात. त्यांत नाव, वय, जहाज, बंदर, उतरल्यावर कोणाच्या पत्त्यावर जाणार तो पत्ता आणि व्यवसाय इतके रकाने असतात. व्यवसायाचा रकाना लोक वाचत नाहीत, तुम्ही वाचा. जन्माची नोंद जमैकाच्या निबंधक कार्यालयातून मिळू शकेल. तिथे नागरी नोंदणी १८७८ पासून आहे, पण अर्जात परगणा अचूक लिहावा लागतो.

आता तुमच्या शब्दाविषयी. तुम्हाला तो खटकतो ते योग्यच आहे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानुसार इंग्लंडमधला इंग्रज आणि क्लॅरेंडनमधला शेतमजूर हे दोघेही ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचे नागरिक’ होते. म्हणजे १९५७ मध्ये तुमचे सासरे एका देशातून दुसऱ्या देशात आले नाहीत, ते आपल्याच नागरिकत्वाच्या हद्दीत प्रवास करून आले. परकेपण नंतर त्यांच्यावर आले. १९६२ च्या जुलैत राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला. इंग्लंडमध्ये राहणारे बहुतेक जमैकन त्या दिवशी बसल्या जागीच कायद्याने जमैकाचे नागरिक झाले. पुढे १९७१ च्या कायद्याने, १ जानेवारी १९७३ रोजी जे इथे स्थायिक होते त्यांचा कायम राहण्याचा हक्क मान्य केला, पण तसा कागद कोणाच्या हाती दिला नाही. ब्रिटिश गृहखात्याने २०१० मध्ये जुनी आगमनपत्रे नष्ट केली, आणि अर्धे शतक कर भरलेल्या माणसांना आपण इथले आहोत हे सिद्ध करता येईना. २०१८ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण ते हेच. हे सगळे लिहू नका. परंतु सासऱ्यांनी जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या का, एवढे पाहा. त्या पिढीतल्या बऱ्याच घरांत बिस्किटांच्या डब्यात त्या सापडतात.

शब्द हवाच असेल तर मी ‘जमैकाहून येऊन बर्मिंगहॅमचे झालेले’ असे लिहीन. लांब आहे, पण खरे आहे.

उत्तर ३ : गिरणगावकर

परिचारिकाबाईंचे पार्डनरविषयीचे लिखाण वाचून आनंद झाला, परंतु नणंदेविषयीचे त्यांचे मत मला पटत नाही.

माझे आजोबा राजापूरजवळच्या खेड्यातून परळला गिरणीत आले. माझे वडील वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गावी आजीपाशी वाढले, आणि त्यांचे वडील त्यांना माहीत होते ते मनीऑर्डरच्या कुपणावरच्या दोन ओळींतून व गणपतीला येणाऱ्या आठ दिवसांतून. कोकणातल्या घरोघरी हे असेच होते. आमच्या घराण्याच्या इतिहासात आजोबांचे ‘कष्टाळू चाकरमानी’ म्हणून एक पान भरून कौतुक आहे, पण गावी राहिलेल्या मुलांविषयी एक अक्षरही नाही. वडिलांनी ते पान वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. पुन्हा त्यांनी ते उघडलेले मी पाहिले नाही.

तेव्हा वगळणे म्हणजे दुःख टाळणे, असे मला वाटत नाही. दुःख नणंदेचे आहे हे बाईंचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच लिहावे की नाही याचा निर्णय आपण कोणीही घेऊ नये. तिला विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला. पण तिला न विचारता वगळले, तर दुसऱ्यांदा तिला मागे ठेवल्यासारखे होईल.

बर्मिंगहॅमकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण दोन्ही कामे सोपी नव्हती.

बिस्किटांचा डबा खरोखरच निघाला. १९५७ पासूनच्या चिठ्ठ्या वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या आहेत. त्यांचा बँकर शेजारच्याच रस्त्यावर राहत होता आणि दफनाच्या दिवशी त्याचा मुलगा फावडे घेऊन माझ्या मुलाच्या शेजारी उभा होता, हे मला आता कळले.

नणंदेकडे मी एकटीच गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कपाटातून एक लहान निळा लोकरी कोट काढला. १९६६ च्या जानेवारीत ती विमानाने आली तेव्हा सासरे हातात तिचे छायाचित्र आणि हा कोट घेऊन उभे होते. छायाचित्र तीन वर्षे जुने होते, आणि कोट त्या छायाचित्रातल्या मुलीच्या मापाचा होता. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर राहिल्या. ती म्हणाली, “मी कोणाची मुलगी आहे हेच त्यांना ठाऊक नाही, असे मला तेव्हा वाटले.” त्या रात्री ती पलंगावर जागी होती आणि स्वयंपाकघरात दिवा जळत होता. सकाळी पाहिले तर कोटाच्या दोन्ही बाह्यांना चार-चार बोटे तपकिरी कापड जोडलेले होते. ते कापड त्यांच्या एकुलत्या एका चांगल्या पँटचे होते. शिवण मी बोटाने चाचपून पाहिली. इतकी सारखी आहे की यंत्राची वाटावी. तिने लिहिण्यास परवानगी दिली आहे. दहा वर्षे झाकायची नाहीत आणि कोटही वगळायचा नाही, अशी तिची अट आहे.

त्यानंतर प्रवाशांच्या यादीत त्यांचे नाव सापडले. वय तेवीस. जायचा पत्ता बर्मिंगहॅमचा. दप्तरवाचकांनी सांगितल्याप्रमाणे व्यवसायाचा रकाना वाचला. तिथे ‘शिंपी’ असे आहे. घरात हे कोणालाच माहीत नव्हते, माझ्या यजमानांनाही नाही. त्यांच्याकडून ऐकलेली एकच गोष्ट आता जागेवर बसते. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे आपण ‘दारे वाजवत होतो’, असे सासरे एकदा म्हणाले होते, पण कोणत्या कामासाठी हे आम्ही विचारले नव्हते.

कुलवृत्तांताच्या तक्त्यात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे मी ‘ओतकामगार’ लिहून पाठवले होते. काल संपादकांना पत्र पाठवून ते ‘शिंपी, नंतर ओतकामगार’ असे करून घेतले आहे.