मदत हवी आहे: रायझन ५६०० साठी कमी आवाजाचा, परवडणारा कूलर (मिरज)

तंबोरीतार

मंडळी, मिरजेत घरच्या खोलीत तंबोरा, सतार आणि गायन रेकॉर्ड करण्यासाठी हा पीसी वापरात आहे. माइकपासून साधारण दीड मीटरवर, टेबलाखाली. प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरचा पंखा सारखा चढतो-उतरतो आणि विलंबित आलापीत ते स्पष्ट ऐकू येतं.

प्रोसेसर: रायझन ५ ५६००, कूलर खोक्यातलाच रेथ स्टेल्थ
मदरबोर्ड: बी४५०एम, रॅमचे चार स्लॉट
रॅम: ८ जीबीच्या दोन पट्ट्या, लाइटवाल्या, उंच
ग्राफिक्स कार्ड: जीटीएक्स १६५०
केस (पीसीचा डबा): मायक्रो एटीएक्स, कूलरची कमाल उंची १६० मिमी. पुढे एक आणि मागे एक १२० मिमीचा पंखा

खोलीत ३४ अंश असताना नुसतं सुरू ठेवलं तर ४८ ते ५५, आणि मिक्स एक्स्पोर्ट करताना ८४ ते ८७. तेव्हा पंखा मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या वर जातो.

बजेट अडीच हजार, ताणलं तर तीन. दुकानात "लिक्विडच (पंपानं पाणी फिरवणारा कूलर) घ्या" असा सल्ला मिळाला. खरंच गरज आहे का? आणि टॉवर, म्हणजे उभा उंच कूलर घेतला तर या रॅमवर बसेल का?

खटपट्या

लिक्विड नको. बजेट तर ओलांडेलच, शिवाय त्याचा पंप पीसी सुरू असेपर्यंत फिरत राहतो. त्याची बारीक घूं तुमच्या माइकला पंख्यापेक्षा जास्त सलेल.

५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून तो जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो. एएमडीवाले त्या मर्यादेला पीपीटी म्हणतात. सगळे कोअर पिळून काढले तरी आकडा तिथंच अडतो. एवढ्या उष्णतेला चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), १२० मिमी पंख्याचा कुठलाही बरा टॉवर पुरून उरतो.

स्टेल्थ म्हणजे ५४ मिमी उंचीचा नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात हीटपाइप नाहीत. उष्णता हवेत सोडणाऱ्या पत्र्याचं क्षेत्रफळ कमी, ती कसर पंख्याला वेगानं भरून काढावी लागते. आणि वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं चढतो. म्हणून पत्रा जास्त आणि पंखा मोठा पण संथ, एवढंच बघायचं.

तुमच्या केसमध्ये बसणारे:

थर्मलराइट असॅसिन एक्स १२० रिफाइन्ड एसई, उंची १४८ मिमी
डीपकूल एजी४००, उंची १५० मिमी
डीपकूल एके४००, उंची १५५ मिमी

तिन्ही साधारण दीड ते अडीच हजारांच्या पट्ट्यात असतात, भाव हलत राहतात. तापमानात तिघांमध्ये फार फरक पडत नाही, त्यामुळं बिलासकट आणि वॉरंटीसकट जो मिळेल तो घ्या. खोक्यावर लिहिलेल्या कमाल वेगावरून किंवा डेसिबलवरून ठरवू नका. असॅसिनचा पंखा कमाल १,५५० आणि एके४०० चा १,८५०, पण तुम्ही दोन्ही ८०० च्या आसपासच फिरवणार आहात. लाइटवाला प्रकार घेऊ नका. एक केबल वाढते, आवाजात फरक शून्य.

कंदीपेढा

साताऱ्याहून रामराम. थोडं ताणून थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई बघा. सहा हीटपाइप, दोन पंखे, उंची १५५, म्हणजे १६० मध्ये बसतो. उद्या त्याच बोर्डावर ५८००एक्स टाकलात तर कूलर बदलायला नको. त्या प्रोसेसरची मर्यादा १४२ वॅट आहे, तिथं चार पाइपचा टॉवर धापा टाकतो.

खटपट्या

कंदीपेढा, ५८००एक्स ठरलेलाच असेल तर तुमचं बरोबर. पण ५६०० वर त्या जास्तीच्या पैशांचं काही दिसणार नाही. या प्रोसेसरमध्ये उष्णता तयार होते ती जेमतेम ८० चौरस मिमीच्या चिपमध्ये, आणि तीही प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या मधोमध नाही, एका बाजूला. अडचण होते ती तेवढ्या जागेतून उष्णता झाकणात आणि झाकणातून कूलरच्या तळपट्टीत येताना. पुढं पत्रा कितीही वाढवला तरी तो अडथळा तसाच राहतो. शिवाय एकाच वेगानं फिरणारे दोन पंखे म्हणजे ३ डेसिबल जास्त. आठ कोअरच हवे झाले तर ५७००एक्स घ्या, त्याचीही मर्यादा ७६ वॅटच आहे.

हळदबाजार

ओ पाव्हणं, पैसे घालण्याआधी दोन फुकटातल्या गोष्टी करून बघा.

पहिली, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड ४५ वॅट, म्हणजे प्रोसेसरला कमी वीज. तो पर्याय दिसला नाही तर पीबीओच्या (प्रोसेसरच्या मर्यादा बदलायची जागा) मॅन्युअल सेटिंगमध्ये पीपीटी ६० घाला. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, एकेका कोअरवर चालणाऱ्या कामात फरक जाणवणारही नाही.

दुसरी, केसचा पुढचा पत्रा किंवा काच काढून दहा मिनिटं तेच काम चालवा. तापमान ५ अंशांहून जास्त उतरलं तर कूलरआधी केसचा श्वास मोकळा करायला हवा. पुढं बंद काच असलेल्या स्वस्त केसमध्ये हवा नुसती फटीतून येते. अशा केसमध्ये भारीतला कूलरसुद्धा गरम हवाच फिरवत बसतो.

आपल्या भागात आणखी एक आहे. गळीत हंगामात पाचट पेटवलं की काजळी थेट घरात येते. ती साध्या धुळीसारखी फुंकरीनं उडत नाही, पत्र्यांच्या फटीत आणि पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसते. हंगामात पुढची जाळी दोन-तीन आठवड्यांनी धुवून पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरवला तर बेअरिंग जातं.

यूट्यूबवरची तापमानं बघताना खोलीचं तापमान वजा करून बघा. बहुतेक चाचण्या २१ ते २५ अंशांत होतात. खोली दहा अंशांनी गरम असली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर जातो. सांगली-मिरजेच्या मे महिन्यात त्यांचे ६५ म्हणजे आपले ७५.

तंबोरीतार

धन्यवाद. पुढचा पत्रा काढून फक्त २ अंश उतरलं, म्हणजे केस ठीक दिसतेय. इको मोडनं एक्स्पोर्टला ७६ वर आलं, पण पंख्याचं चढणं-उतरणं तसंच आहे. कूलर घेतोच. रॅमचं कुणीतरी सांगा. आणि जुना काढताना प्रोसेसर उपसून येतो असं वाचलं, ते कितपत खरं?

सोल्डरमास्तर

खरं आहे. एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या बोर्डावरच्या सॉकेटच्या प्रकारात, पिना प्रोसेसरला असतात, १,३३१. सॉकेटचा दांडा खाली असला तरी त्याची पकड कमी असते. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकून घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटूनच बाहेर येतो, आणि थोडा जरी तिरका आला तरी पिना वाकतात.

म्हणून आधी दहा मिनिटं जड काम चालवून पेस्ट मऊ करा. मग पीसी बंद, त्याची वायर भिंतीतून बाहेर, पंख्याची वायर काढलेली. स्टेल्थचे चार स्क्रू तिरप्या जोडीनं थोडे थोडे सैल करा. पूर्ण सुटल्यावर कूलर डावीकडे-उजवीकडे काही अंश फिरवत राहा. सरकायला लागला की मगच उचला. तरीही प्रोसेसर सोबत आलाच तर घाबरून दाबून परत बसवू नका. दांडा वर करा, सोनेरी त्रिकोण जुळवा, प्रोसेसर स्वतःच्या वजनानं बसला पाहिजे.

इथंच बऱ्याच जणांची फजिती होते. स्टेल्थचे स्क्रू थेट बोर्डामागच्या धातूच्या पट्टीत जातात. चारही सुटले की ती पट्टी मोकळी होऊन मागं पडते. केसची दुसरी बाजू आधीच उघडा आणि पट्टी कागदी टेपनं बोर्डाला धरून ठेवा. ही पट्टी जपा, बहुतेक टॉवर कूलर तीच वापरतात. बोर्डासोबत आलेले प्लास्टिकचे दोन कंस स्टेल्थ लावताना निघालेले असतात, नव्या टॉवरला ते सहसा लागत नाहीत.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, टिश्यूनं पुसा. नवी मधोमध वाटाण्याएवढी. पसरवत बसू नका, कूलरचा दाब पसरवतो. तळपट्टीवरचं पारदर्शक प्लास्टिक काढलं का ते दोनदा बघा. ते तसंच राहिलं तर एक्स्पोर्ट सुरू करताच तापमान ९० ला जाऊन टेकतं आणि लोक कूलरला शिव्या घालतात. दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून दोन-दोन फेरे आवळा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसऱ्या बाजूला फट राहते.

रॅमचं सांगायचं तर दोन पट्ट्या सॉकेटकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असतात, असायलाच हव्यात. टॉवरचा पंखा पुढं आला तर पहिल्या स्लॉटवर येतो, आणि तो तुमचा रिकामा आहे. अडचण नाही. पुढं चार पट्ट्या लावल्यात तर पहिल्या पट्टीवर पंखा वर सरकवावा लागेल, आणि मग १५५ चे १६५ होऊन काच बंद होणार नाही. तो विचार असेल तर १४८ किंवा १५० वाला घेऊनसुद्धा कमी उंचीची रॅमच लागेल.

पंखा रॅमच्या बाजूला, हवा मागच्या पंख्याकडे. ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या चार पिनांवरच. केस फॅनच्या जागी लावलीत तर सुरू करतानाच बोर्ड पंखा नसल्याची तक्रार करतो.

एक बारकावा: स्टेल्थची हवा खाली बोर्डावर पडते, त्यात व्हीआरएमही (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) गार होतो. टॉवर लावला की ती हवा जाते. ७६ वॅटला चिंता नाही, पण मागचा पंखा बंद ठेवू नका.

नदीवेस

मध्येच विचारतो, माझं आय५-१२४०० आहे. यांतलाच चालेल?

सोल्डरमास्तर

चालेल, पण खोक्यावर एलजीए१७००, म्हणजे तुमच्या सॉकेटचं नाव, लिहिलेलं हवं. आधीच्या १२०० सॉकेटला भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, यात ७८ आहे आणि प्रोसेसरची उंचीही बदललीय. दुकानात पडून असलेल्या जुन्या मालात या सॉकेटचे कंस नसतात. १२४०० थोड्या वेळापुरता ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, तरी चार पाइप पुरे.

तंबोरीतार

एके४०० सांगलीतच मिळाला, बसवला. खोली ३३ अंश. सिनेबेंच आर२३ (सगळे कोअर राबवणारी चाचणी) दहा मिनिटं चालवून ७४. इको मोड काढून टाकलाय. पण साधा ब्राउझर उघडला तरी पंखा क्षणभर वर जातो आणि खाली येतो. आवाज पूर्वीपेक्षा खूपच कमी, तरी चढउतार आहेच.

खटपट्या

३३ ला ७४ म्हणजे बसवणी चोख. उरलेलं काम पंख्याच्या आलेखाचं, म्हणजे कुठल्या तापमानाला किती वेग ते. रायझनचा एखादा कोअर क्षणभर पूर्ण वेगानं पळतो, तापमान १० अंश उडी मारतं, आणि बोर्डाचा मूळ आलेख त्या प्रत्येक उडीमागं धावतो. कूलरचा पत्रा मात्र एवढ्यात तापलेलाही नसतो, म्हणजे ती धावपळ फुकटच.

तुमच्या कामाला आलेख असा ठेवा: ७० अंशांपर्यंत सरळ आडवी रेघ, ३५ ते ४० टक्के. ७८ ला ५५ टक्के, ८५ ला ८०, ९० ला १००. या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे. रेकॉर्डिंग सुरू असताना भार हलकाच असतो, तो ७० च्या आत राहील आणि पंखा ७००-८०० फेऱ्यांवर एकसुरी फिरेल. एक्स्पोर्टच्या वेळी माइक बंदच असतो, तेव्हा हवा तेवढा वाजू दे.

बायोसमध्ये वेग बदलण्याआधीचा विलंब असेल तर जास्तीत जास्त ठेवा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय आणि काहींत तो एका सेकंदाहूनही कमी मिळतो. तेवढ्यानं भागलं नाही तर विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हिस्टेरिसिस (तापमान किती हलल्यावर वेग बदलायचा ते) ५ अंश आणि प्रतिसादाचा वेळ ४-५ सेकंद ठेवा. केसचे दोन्ही पंखे तीन पिनांचे असतील तर बायोसमध्ये डीसी मोड (व्होल्टेजनं वेग बदलणारा) निवडा. पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेवरून वेग बदलणारा मोड) राहिले तर ते कायम पूर्ण वेगानं फिरतात.

तंबोरीतार

लई भारी. आडवी रेघ ३८ टक्क्यांवर ठेवली, चढउतार गेला. केसचे पंखे खरंच तीन पिनांचे निघाले, डीसीवर टाकले. आता एक हलकी गुणगुण उरलीय, ती कूलरची वाटत नाही.

हळदबाजार

केसचे पंखे एकेक करून मिनिटभर काढून बघा. त्यांनी फरक पडला नाही तर ग्राफिक्स कार्ड. १६५० च्या बऱ्याच कार्डांचा पंखा काम नसतानाही थांबत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वेग किमान पायरीवर आणा, आवाज बदलला तर चोर सापडला. आणि केसमध्ये फिरणारी हार्डडिस्क असेल तर तिच्या स्क्रूखाली रबरी वॉशर घाला. तिची गुणगुण पत्र्यातून टेबलाला आणि टेबलावरून माइकच्या स्टँडला लागते.