भाषाशिक्षकाने नोंदी नेमक्या कशाच्या ठेवाव्यात?

अनुस्वार (प्रश्न):
ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांना मी दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवते. हजेरीपट, दैनिक टाचण, घटक चाचण्यांचे गुण आणि गृहपाठाची तपासणी या साऱ्यांच्या नोंदी नियमित ठेवल्या जातात, तरीही पालकसभेत कोणी "आमचा मुलगा आता बोलायला लागला का?" असे विचारले, की त्या वह्यांमधून दाखवण्यासारखे काहीच हाती लागत नाही. दुसरीकडे, शिक्षकाने स्वतःच्या व्यावसायिक वाढीचा वार्षिक अहवाल द्यावा अशी अपेक्षा असते आणि त्यात प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे जोडण्यापलीकडे काय लिहावे हे कळत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ शार्लट डॅनियलसन यांनी 1996 मध्ये मांडलेल्या अध्यापनाच्या चौकटीत अचूक नोंदी, कुटुंबांशी संवाद आणि शिक्षकाची वाढ या तिन्ही गोष्टी व्यावसायिक जबाबदाऱ्यांच्या एकाच विभागात येतात. माझ्याकडे मात्र त्यांची तीन स्वतंत्र ओझी झाली आहेत. कोणत्या नोंदी ठेवाव्यात, कोणत्या सोडाव्यात आणि पालकांना त्यातले काय सांगावे?

जुने टाचण:
आपल्या वह्यांमध्ये गुण आहेत, पण मुलांची भाषा नाही, असे मला वाटते. दहापैकी सहा गुण मिळालेला मुलगा कोठे अडतो हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्याचे प्रत्यक्ष वाक्य, तो जसे बोलला तसेच, तारखेसह लिहून ठेवावे लागते.

समजा, सत्राच्या आरंभी एखादा मुलगा "मी चिठ्ठी लिहिला" असे म्हणतो आणि काही आठवड्यांनी तोच "मी पुस्तक वाचली" असे म्हणू लागतो. चाचणीत दोन्ही वाक्यांना शून्यच मिळेल. परंतु पहिल्या वाक्यात त्याचे क्रियापद कर्त्यामागे जात होते, तर दुसऱ्यात ते कर्मानुसार बदलू पाहत आहे. पुस्तक नपुंसकलिंगी आहे एवढेच त्याला ठाऊक नाही. म्हणजे कर्मणी प्रयोग त्याच्या अंगवळणी पडू लागला आहे आणि आता त्याला नामांच्या लिंगांचा सराव हवा. ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिलेली असतील, तर पुढच्या आठवड्याचे टाचण काय असावे, पालकांना काय दाखवावे आणि आपल्या शिकवण्याचा काय परिणाम झाला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच पानावर मिळतात.

वाचनासाठी मेरी क्ले यांनी न्यूझीलंडमध्ये विकसित केलेली प्रकट वाचनाची नोंद उपयोगी पडते. मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षक शब्दागणिक खुणा करतो. चुकलेला, गाळलेला आणि स्वतःहून सुधारलेला शब्द यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात आणि सुधारलेला शब्द चूक म्हणून मोजला जात नाही. शेकडा 95 किंवा त्याहून अधिक शब्द बरोबर आले तर उतारा सोपा, 90 ते 94 आले तर शिकवण्याजोगा आणि त्याखाली कठीण, असा ढोबळ दंडक आहे. मात्र आपल्याकडे एक काळजी घ्यावी लागते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच असल्याने दुसऱ्या भाषेतले मूल अर्थ न कळताही सफाईने वाचून दाखवू शकते. म्हणून वाचनानंतर अर्थाचे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरेही शेजारी लिहावीत. एका तासात दोन-तीन मुलांचीच नोंद करावी. सगळ्या वर्गाची नोंद एकाच दिवशी उरकायला गेल्यास पुन्हा नुसता तक्ताच तयार होतो.

पूर्णविराम:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पालकांविषयी थोडी भर घालतो. पालकांना पाठवायच्या मजकुरात गुण आणि शेरा एकत्र देण्याची पद्धत मला पटत नाही. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, तर गुणांसह शेरा मिळालेल्यांची तशी सुधारली नाही. तो अभ्यास मुलांवर झाला होता हे खरे, पण आकडा दिसला की माणूस पुढचे वाचत नाही हा अनुभव पालकसभेत कोणालाही घेता येतो. प्रगतिपुस्तकात गुण द्यावेच लागतात, तेव्हा मुलाच्या वाक्यांचे नमुने दाखवणारे पत्र त्यापासून वेगळे आणि शक्यतो आधी जावे.

पत्र चार ओळींचे पुरे. "मागच्या महिन्यात तो एका शब्दात उत्तर देत असे. आता तो 'मला उशीर झाला कारण बस आली नाही' असे पूर्ण वाक्य बोलतो. गोष्ट सांगताना मात्र त्याचा भूतकाळ अजून डळमळतो. घरी त्याच्याकडून दिवसभराची हकिकत तुमच्या घरच्या भाषेत ऐकावी." यात शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. "घरीही आम्ही आता मराठीतच बोलू का?" असे पालक हमखास विचारतात आणि कित्येक शिक्षक उत्साहाच्या भरात होकार देऊन बसतात. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. शिवाय रोजच्या बोलण्यात मूल साधारण दोन वर्षांत रुळले, तरी अभ्यासाची भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. हे पालकांना आरंभीच सांगितले, तर "बोलतो फडाफडा, मग पेपरात मागे का?" या प्रश्नाला पुढे सामोरे जाणे सोपे जाते.

पालकांना मराठी समजत नसेल, तर मुलालाच दुभाषा करू नये. स्वतःविषयीची तक्रार कोणते मूल नीट सांगेल? मोठ्या माणसाची मदत घ्यावी.

वेलांटी:
व्यावसायिक वाढीच्या अहवालाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मुलांचे नमुने हा शिक्षकाच्या वाढीचा पुरावा आहेच, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण मूल शिकवण्यामुळे पुढे गेले की शेजारच्या मित्रांमुळे, हे नमुना सांगत नाही. त्यासाठी स्वतःच्या तासाकडे पाहावे लागते. एखादा लहान, मोजता येणारा प्रश्न घ्यावा. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत असे दाखवले होते की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यास मुलांची उत्तरे लांबतात. भाषेच्या वर्गात मुलाला उत्तर सुचावेही लागते आणि परक्या भाषेत जुळवावेही लागते. तेव्हा तेथे या थांबण्याचे मोल अधिकच असणार. आपल्या एका तासाचे ध्वनिमुद्रण करून हा अवधी मोजावा, काही आठवडे जाणीवपूर्वक थांबावे आणि मग पुन्हा मोजावे. अहवालात ही दोन मोजमापे आणि त्या काळातली मुलांची वाक्ये दिली, की प्रमाणपत्रांची गरज उरत नाही, निदान ती परिशिष्टात जातात.

आणखी एक गोष्ट अहवालात कोणी विचारत नाही, पण भाषाशिक्षकाला ती लागू पडते. दिवसभर सोप्या, तोडक्या वाक्यांत बोलून आपली स्वतःची भाषाही आखडते. वर्गाशी संबंध नसलेले कठीण वाचन आणि नियमित लेखन हा मी वाढीचाच भाग मानतो.

अनुस्वार:
तिघांचे आभार. प्रत्येक मुलाचे एक पान करून सुरुवात करते. पण मग सोडायचे काय, आणि हे नमुने किती काळ ठेवायचे?

जुने टाचण:
हजेरी आणि गुण सोडता येणार नाहीत. "गृहपाठ केला / केला नाही" अशा रोजच्या खुणा खुशाल सोडाव्यात; न केलेला गृहपाठ वहीत दिसतोच. नमुन्यांपैकी सत्राला तीन-चार ठेवले तरी पुरे, आणि त्यातला एखादा मुलालाच निवडू द्यावा. युरोप परिषदेच्या भाषासंचिकेत, म्हणजे विद्यार्थी आपल्या भाषाशिक्षणाच्या नोंदी ठेवतो त्या फाईलमध्ये, पारपत्र, भाषाचरित्र आणि नमुनासंग्रह असे तीन भाग असतात व ती संचिका विद्यार्थ्याच्या मालकीची मानली जाते. तोच न्याय येथे लावून वर्षअखेरीस मूळ कागद मुलाच्या हाती द्यावेत. स्वतःच्या अहवालासाठी प्रती ठेवायच्या असतील, तर पालकांची संमती घेऊन आणि नाव झाकून. पालकांच्या सामायिक गटावर मात्र कोणाही एका मुलाचा नमुना टाकू नये, तो कितीही चांगला असला तरी.